खेळायचं कधी आणि तपासायचं कधी: क्रिएटिव्ह काम करणाऱ्यांसाठी सविस्तर गाइड

लिहिणारे, चित्रं काढणारे, गाणी बसवणारे, डिझाइनवाले, कोणालाही विचारा, रडगाणं दोनपैकी एक असतं. एक म्हणजे "सुचतं खूप, पण दोन ओळी झाल्या की वाटतं काय फालतू चाललंय, मग खोडतो, मग परत दोन ओळी, मग परत खोडतो". दुसरं म्हणजे "करताना जाम मजा येते पण पुरं काहीच होत नाही, फोल्डर भरलाय नुसता". पहिल्याला लोक सांगतात टेन्शन घेऊ नको, एंजॉय कर, दुसऱ्याला सांगतात जरा सिरियस हो. सल्ला दोन्हीकडे बरोबरच आहे, पण त्याचा उपयोग शून्य, कारण एंजॉय कर म्हटल्यावर कोणाला एंजॉय करता आलंय आजवर!

म्हणून इथे मूडबिडचं बोलणार नाही, करायच्या गोष्टी सांगतो, क्रमाने. त्याआधी माझं म्हणणं काय ते सांगून टाकतो म्हणजे पुढचं त्याला धरून वाचता येईल. खेळकरपणा आणि भान दोन्ही एकाच वेळी अर्धं अर्धं चालवायला गेलात की दोन्ही धड होत नाही, त्यांना वेगवेगळी वेळ द्यावी लागते. आणि यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे भान ठेवताना नजर कामावर हवी, बहुतेक वेळा ती असते स्वतःवर. "हे वाक्य लांबलं का" हा प्रश्न कामाबद्दल आहे. "हे वाचून लोकांना मी बावळट वाटेन का" हा प्रश्न माझ्याबद्दल आहे. दुसऱ्या प्रश्नाने आजपर्यंत एकही वाक्य सुधारलेलं नाही, पण तो इतका हुशार असतो की पहिल्या प्रश्नाचे कपडे घालून येतो आणि आपल्याला वाटतं आपण क्वालिटी कंट्रोल करतोय.

पायरी १: आपली खोड कुठली ते बघा

मागची पाच-सहा कामं काढा, पुरी झालेली, अर्धवट, सगळी. वाचत किंवा बघत बसू नका, प्रत्येकाबद्दल फक्त एकच गोष्ट एका ओळीत लिहा: हे कुठे थांबलं? पहिल्याच पानावर घासत बसलो आणि तिथेच राहिलं, की मधे आल्यावर कंटाळा आला आणि नवीन काहीतरी सुरू केलं, की पुरं झालं पण कोणाला दाखवलं नाही, की पुरं झालं, दाखवलं, सगळे छान छान म्हणाले पण आपल्यालाच ते मेलेलं वाटतं.

पहिल्या पानावर घासणाऱ्यांनी पायरी २ आणि ३ नीट करा, बाकी नंतर बघू. मधेच सोडणाऱ्यांना खेळ कमी पडत नाही, त्यांच्याकडे तपासायची वेळच ठरलेली नसते, त्यांनी ४ आणि ५. दाखवायला घाबरणाऱ्यांनी ७. आणि ते चौथे, ज्यांचं काम नीटनेटकं असतं पण जीव नसतो, त्यांच्यासाठी ६ नंबर आहे, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त तेच लिहायचंय.

एक गंमत म्हणजे आपली खोड आपल्याला उलटी वाटत असते. जो सारखा खोडतो त्याला वाटतं आपल्यात शिस्त नाही, आणि जो नुसता उड्या मारतो त्याला वाटतं आपण फार विचार करतो. म्हणून आठवून ठरवू नका, कामं समोर ठेवून ठरवा.

पायरी २: खेळाला वेगळी वेळ आणि वेगळी जागा

टायमर लावा. वीस मिनिटांपेक्षा कमी नको कारण पहिली सात-आठ मिनिटं डोकं नुसतं कुरकुर करण्यात घालवतं, आणि सुरुवातीला चाळीसच्या वर नको कारण मग हात सैल राहत नाही, "काहीतरी व्हायला पाहिजे" असं प्रेशर यायला लागतं. या वेळात फक्त पुढे जायचं. लिहिणाऱ्यांनी बॅकस्पेस वापरायचा नाही, चित्रवाल्यांनी खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवायचा, गाणं करणाऱ्यांनी रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि मधे थांबून ऐकायचं नाही, कोड लिहिणाऱ्यांनी अशी फाइल उघडायची जी खऱ्या प्रोजेक्टमध्ये कधीच जाणार नाही.

जागा वेगळी म्हणजे घर सोडून डोंगरावर जा असं नाही, साधन बदललं तरी पुरतं. फायनल काम लॅपटॉपवर करत असाल तर खेळ कागदावर करा, चांगल्या कागदावर चित्रं काढत असाल तर खेळ वापरलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला. साहित्य जितकं स्वस्त तितका हात मोकळा. महागडी कातडी बांधणीची वही घेऊन तिच्यात पहिलं पान लिहायला महिना लावणारे लोक मी बघितलेत, ती वही म्हणजे शिक्षा आहे, ती कोणाला तरी गिफ्ट देऊन टाका. फाइलचं नावही मुद्दाम हलकं ठेवा, "कचरा" किंवा "गंमत" असं काहीही. "कादंबरी फायनल" नावाच्या फाइलमध्ये कोणाच्याही बोटांना खेळ सुचत नाही.

आता प्रश्न येतो की आतला तो मास्तर गप्प बसत नाही त्याचं काय. त्याला गप्प करायला जाऊ नका, तो आणखी ओरडतो. बाजूला एक चिठ्ठी ठेवा आणि तो जे बोलेल ते दोन शब्दांत तिच्यावर टाका, "सुरुवात बोअर", "हा रंग घाण", बस, आणि हात चालू ठेवा. तक्रार नोंदवली गेली की तो जरा शांत होतो, आणि नंतर तपासायच्या वेळी त्यातल्या दोन-चार नोंदी खरंच कामाच्या निघतात.

हे सगळं नुसतं मानसिक समाधान आहे असं वाटत असेल तर चार्ल्स लिंब आणि अॅलन ब्रॉन यांचा 2008 मधला प्रयोग बघा. त्यांनी सहा प्रोफेशनल जॅझ पियानोवादकांना मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्या मशीनमध्ये झोपवून छोटा कीबोर्ड वाजवायला लावला, आधी पाठ केलेलं आणि मग आयत्या वेळी सुचेल ते. सुचेल ते वाजवताना मेंदूच्या पुढच्या भागाचा बाहेरच्या बाजूचा जो पट्टा स्वतःवर लक्ष ठेवणं आणि स्वतःला आवरणं याच्याशी जोडला जातो त्याचं काम कमी झालेलं दिसलं, आणि मधला जो भाग स्वतःचं काही मांडण्याशी जोडला जातो तो जास्त चालू होता. माणसं सहाच होती त्यामुळे त्यावर आख्खी इमारत उभारू नका. पण एक गोष्ट विसरू नका, ती सहाही माणसं वर्षानुवर्षं वाजवणारी होती, पहारेकरी झोपला तरी हातांना रस्ता माहीत होता.

त्यावरून एक अपवाद सांगतो. जे कौशल्य तुम्ही आत्ताच शिकताय तिथे हा नियम उलटा चालतो. 2002 मध्ये सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळणाऱ्यांना ड्रिब्लिंग करताना, म्हणजे बॉल पायाने पुढे नेताना, पायाची कुठली बाजू बॉलला लागतेय त्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. नवशिक्यांचं काम त्याने सुधारलं, मुरलेल्यांचं बिघडलं. आणि मजा म्हणजे तेच मुरलेले खेळाडू जेव्हा आपल्या कच्च्या पायाने खेळले तेव्हा त्यांनाही लक्ष देण्याचा फायदा झाला. म्हणजे एकाच माणसात दोन्ही असतं. तुम्हाला संवाद लिहिणं हातचा मळ असेल तर तिथे बिनधास्त सुटा, पण वर्णनं जमत नसतील तर वर्णनाच्या सरावाला लक्ष देऊनच बसावं लागेल, आणि त्या सरावाची वेळ ही खेळाची वेळ धरू नका. दोन्ही एकत्र केलं की सराव पण होत नाही आणि खेळाचा विचका होतो तो वेगळाच.

पायरी ३: खेळाला नियम द्या

"काहीही कर" हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे. लहान मुलं बघा, खेळ सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं नियमांवर भांडतात, ही फरशी म्हणजे पाणी, तिच्यावर पाय पडला की आऊट. नियम आला की डोकं नियम पाळण्यात गुंततं आणि आपण कसे दिसतोय हे बघायला त्याला फुरसत राहत नाही. माझ्या मते नियमाचा खरा उपयोग हाच आहे, कल्पना वगैरे वाढतात तो बोनस.

जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने 1969 मध्ये एक आख्खी कादंबरी "ई" हे अक्षर न वापरता लिहिली, आणि फ्रेंचमध्ये ते सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अक्षर आहे. इतकं टोकाला जायची गरज नाही. संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी 1975 मध्ये सूचनांच्या पत्त्यांचा एक डबाच काढला होता, स्टुडिओत अडकलं की एक पत्ता उचलायचा आणि त्यावर जे असेल ते करून बघायचं. असे पत्ते स्वतःचे बनवा. कागदाचे वीस-पंचवीस तुकडे पुरतात. लिहिणाऱ्यांसाठी: एकही विशेषण नाही, सगळं प्रश्नांमध्ये लिहा, खलनायकाची बाजू घ्या, शेवटचं वाक्य पहिलं लिहा. चित्रासाठी: डाव्या हाताने, फक्त रिकाम्या जागा काढा, वस्तू नाही, पेन न उचलता, दोनच रंग आणि ते पण न आवडणारे. गाण्यासाठी: तीनच सूर, सगळ्यात महत्त्वाचं वाद्य बंद करून बघा. डिझाइनसाठी: फक्त अक्षरं, चित्र नाही, तेच पोस्टर सहा वर्षांच्या मुलासाठी.

पत्ता उचलल्यावर बदलायचा नाही, तीच गोम आहे. आवडता पत्ता येईपर्यंत उचलत राहिलात तर तो खेळ राहत नाही, तो परत मास्तरच झाला.

पायरी ४: मधे अंतर ठेवा

लिओनार्दो दा विंचीच्या चित्रकलेवरच्या नोंदी आहेत, त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने 1651 मध्ये पॅरिसमध्ये त्या पहिल्यांदा छापल्या गेल्या. त्यात तो चित्रकारांना सांगतो की डाग पडलेल्या भिंतींकडे बघत बसा, त्यात तुम्हाला डोंगर, लढाया, चेहरे दिसतील, त्यातून नवीन सुचेल. आणि हाच माणूस त्याच नोंदींमध्ये सांगतो की चित्र काढताना ते आरशात बघा, उलटं दिसलं की दुसऱ्या कोणी काढल्यासारखं वाटतं आणि चुका पटकन दिसतात, अधूनमधून काम सोडून जरा बाहेर जा, परत आल्यावर जास्त नीट कळतं, आणि लांब उभं राहून बघा. मला हे फार भारी वाटतं. भिंतीवरच्या डागात घोडे बघणारा आणि आरसा लावून नाक वाकडं झालंय का बघणारा माणूस एकच, फक्त भिंतीसमोर उभा असताना त्याच्या हातात आरसा नाही.

तर अंतर. लहान कामाला एक रात्र, मोठ्या कामाला आठवडा, आणि अजिबातच वेळ नसेल तर निदान अर्धा तास चालून या, फोन न बघता. परत आल्यावर कामाचं रूप बदला म्हणजे ते परकं वाटेल. लिखाण असेल तर फॉन्ट बदला, प्रिंट काढा, मोठ्याने वाचा किंवा फोनला वाचायला लावा (तो सगळं सारख्याच रुक्ष आवाजात वाचतो, आपण भावना घालून जी वाक्यं वाचवत असतो ती तिथे उघडी पडतात). चित्र असेल तर आरशात, उलटं टांगून, किंवा फोटो काढून अंगठ्याएवढं करून. गाणं असेल तर अगदी बारीक आवाजात, किंवा शेजारच्या खोलीतून.

मधे सोडून देणाऱ्यांसाठी खास सूचना, अंतर ठेवतानाच परत यायची तारीख आणि वेळ कॅलेंडरवर टाका. नाहीतर अंतराच्या नावाखाली पळ काढणं होतं ते.

पायरी ५: तपासणी, पण आधी जिवंत काय ते शोधा

बहुतेक जण तपासायला बसले की लाल पेन घेऊन चुकाच शोधतात. तसं करू नका, निदान पहिल्या फेरीत तरी नाही. पहिल्या फेरीत फक्त वाचा किंवा बघा, आणि जिथे तुमचं स्वतःचं लक्ष तीव्र झालं, हसू आलं, अंगावर काटा आला, किंवा "हे कुठून आलं" असं वाटलं तिथे समासात टिंब द्या. मोडकं असलं तरी चालेल. व्याकरणाने चुकलेलं, प्रमाणात नसलेलं, पण जिवंत. दुसऱ्या फेरीत जिथे लक्ष उडालं तिथे फुली. तिसरी खूण प्रश्नचिन्ह, जिथे कळतच नाही चांगलं की वाईट. प्रश्नचिन्हांना हात लावायचा नाही, ती पुढच्या बैठकीपर्यंत तशीच ठेवायची, माझा अनुभव असा की कामातली सगळ्यात चांगली गोष्ट पुष्कळदा प्रश्नचिन्हातून निघते, कारण ती आपल्या नेहमीच्या सवयीत बसत नाही म्हणूनच आपल्याला कळत नसते.

मग टिंबं जोडा. म्हणजे काय, तर हे टिंबवाले तुकडे ज्या दिशेने बोट दाखवतायत ती दिशा म्हणजे काम, बाकी सगळं त्यांच्या सेवेला. ठरवलं होतं प्रवासवर्णन आणि सगळी टिंबं जर सोबतच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या बोलण्यावर पडली असतील तर तुमचा लेख ड्रायव्हरवर आहे, प्रवास गेला खड्ड्यात.

स्वतःला विचारायचे प्रश्न कामाचेच हवेत: हे इथे का आहे, हे काढलं तर काय कमी होईल, वाचणाऱ्याला या ठिकाणी काय माहीत आहे आणि काय नाही, हे आधीच एकदा सांगून झालंय का. "मी हुशार वाटतोय का", "हे ट्रेंडिंगला चालेल का", "अमुक माणूस काय म्हणेल" असे प्रश्न आले की ओळखायचं की नजर सरकली, आणि तपासणी तिथेच थांबवून पाणी पिऊन यायचं. खरंच, उठायचं. खुर्चीत बसून ती नजर परत फिरत नाही.

कापलेलं काही फेकू नका, आणि बदल करायच्या आधीची कॉपी ठेवा. 1937 मध्ये पिकासो गेर्निका रंगवत होता तेव्हा फोटोग्राफर डोरा मार त्या चित्राचे टप्प्याटप्प्याने फोटो काढत होती. त्या फोटोंमध्ये दिसतं की सुरुवातीला मधोमध वर उठलेला हात होता, मूठ आवळलेला, आणि नंतर तो गेला. एवढा ठसठशीत हात काढून टाकायची हिंमत होते कशी? जुनं कुठेतरी सुरक्षित आहे हे माहीत असलं की आपल्यासारख्यांची हिंमत नक्की वाढते, म्हणून तारीख घालून कॉप्या ठेवा, त्याने तपासणीतसुद्धा थोडा खेळ शिल्लक राहतो.

पायरी ६: डोळा मारणं बंद करा

आता त्या चौथ्या प्रकाराबद्दल, हुशार, नीटनेटकं आणि मेलेलं. यात बऱ्याचदा एक लबाडी असते जी वरून खेळकरपणासारखी दिसते. गोष्टीच्या सुरुवातीलाच "हो, माहितीये, पावसात सुरू होणारी आणखी एक गोष्ट" असं म्हणणं. प्रेमाचं वाक्य लिहून लगेच त्याची टिंगल करणं. चित्र दाखवताना "हे असंच टाइमपास" म्हणणं. म्हणजे कोणी हसायच्या आत मीच माझ्यावर हसलो, आता तुम्ही काय करणार? वाचणाऱ्याला डोळा मारून सांगायचं की मलाही कळतंय हां हे, मी काही एवढा भोळा नाही.

एखाद्या वेळी हे मजेशीर असतं. सगळीकडे केलं की वाचणाऱ्याला वाटायला लागतं याला जर स्वतःलाच हे खरं वाटत नाहीये तर मी कशाला वेळ घालवू. आणि खेळाच्या दृष्टीनेही हे बोगस आहे, कारण खेळताना माणूस खेळात पूर्ण असतो. फरशीला पाणी म्हणणारं पोर मधेच थांबून "अर्थात ही फरशी आहे हे मला माहीत आहे" असं सांगत नाही. त्याला माहीत असतंच, आणि तरीही ते उडी मारतं. आपल्याला जे साधायचंय ते हेच आहे, माहीत असून उडी मारणं.

करायचं काय, तर पुरं झालेलं काम घ्या आणि जिथे जिथे डोळा मारलाय तिथे रेघ ओढा: स्वतःवरचे विनोद, "म्हणजे एक प्रकारे", "कदाचित जरासं", कंसातली सारवासारव, आपणच आपल्याला क्लिशे म्हणणं. मग एका कॉपीतून ते सगळं काढून टाका आणि वाचा. दोनपैकी एक होतं. एक, खालचं वाक्य सरळ उभं राहतं, थोडं उघडं, थोडी लाज वाटणारं, पण उभं. मग तसंच ठेवा, ती लाज वाटणं हे बहुतेक वेळा चांगलं चिन्ह आहे. किंवा दोन, विनोद काढल्यावर खाली काहीच नाही असं दिसतं. मग तो भाग परत खेळाच्या वेळात न्या, तो लिहूनच झालेला नाही अजून.

सगळे विनोद काढा असं मी म्हणत नाहीये हां. जो विनोद कामातून येतो, पात्राच्या तोंडून, रेषेच्या वाकडेपणातून, तालाच्या घसरण्यातून, तो राहू दे. ओळखायची सोपी टेस्ट अशी की तो विनोद तुमचं नाव काढून दुसऱ्या कोणाच्या नावाने छापला तरी चालतो का. चालत असेल तर तो कामाचा. तुम्हाला वाचवायलाच तो ठेवला असेल तर चालणार नाही.

पायरी ७: दाखवणं

खेळ चालू असताना दाखवू नका. टेरेसा अमाबिले यांचा 1985 मधला प्रयोग आहे, कविता लिहिणाऱ्या लोकांना दोन छोट्या कविता लिहायला लावल्या आणि मधल्या वेळात काही जणांना लिहिण्याची बाहेरची कारणं वाचून क्रमाने लावायला दिली, पैसा, नाव, कौतुक या धाटणीची. एवढ्याशा कामानेच त्यांची दुसरी कविता परीक्षकांना कमी क्रिएटिव्ह वाटली. मग अर्धवट स्केच टाकून दर पाच मिनिटांनी लाइक्स बघणाऱ्याचं काय होत असेल त्याचा अंदाज तुम्हीच करा.

पहिल्या तपासणीनंतर एका माणसाला दाखवा, असा माणूस जो तुमच्यावर प्रेमही करत नाही आणि जळतही नाही. आणि "कसं वाटलं" विचारू नका, त्याला उत्तर म्हणून "छान" येतं आणि आपण परत आपल्याबद्दल विचार करत बसतो. विचारा: कुठे लक्ष उडालं? काय आठवतंय न बघता? कुठे गोंधळ झाला? तो सांगत असताना उत्तर देऊ नका, नुसतं लिहून घ्या, समजावून सांगायची खाज सुटेल ती दाबा. उपाय सुचवायला लागला तर थँक्यू म्हणा पण दुखणं कुठे आहे तेवढंच घ्या, औषध तुमचं तुम्ही शोधा.

ग्रुपमध्ये काम करत असाल तर एक वेगळी भानगड. सगळ्यांनी टेबलाभोवती बसून कल्पना फेकायच्या ही पद्धत लोकप्रिय आहे, पण मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी 1987 मध्ये दाखवलं की तितकीच माणसं एकेकटी बसून मग यादी एकत्र केली तर कल्पना जास्त निघतात. मुख्य कारण अगदी साधं आहे, दुसरा बोलत असताना आपल्याला थांबावं लागतं आणि तोवर सुचलेलं निसटतं. म्हणून आधी पंधरा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून कागदावर खेळा, नावं न घालता कागद मधे टाका, मग बोला. बॉसचा कागद कुठला हे कळलं नाही की लोक जास्त खरं बोलतात हा आणखी एक फायदा.

अडलं तर

टायमर लावला तरी वीस मिनिटं कोरी गेली? मुद्दाम वाईट करा. शक्य तितकी भिकार कविता, शक्य तितकं कुरूप पोस्टर. वाईट करण्यासाठीसुद्धा चांगलं काय ते माहीत असावं लागतं, त्यामुळे हात आपोआप कामाला लागतो.

खेळताना मजाच येत नाही? चालेल. मजा हे माप नाही, दर बैठकीत एखादी न ठरवलेली गोष्ट झाली का एवढंच बघा.

तपासताना सगळ्यावरच फुल्या पडल्या? तुम्ही दमलेले आहात किंवा अंतर कमी ठेवलं. रात्री उशिरा स्वतःचं काम तपासू नये, त्या वेळी सगळंच रद्दी वाटतं.

सगळ्यावरच टिंबं पडली? मग तर नक्कीच अंतर कमी ठेवलंय, अजून प्रेमात आहात, दोन दिवस थांबा.

आणि क्लायंटचं काम आहे, संध्याकाळपर्यंत द्यायचंय, एवढं सगळं कुठून करू असं म्हणणाऱ्यांसाठी: तीन तास असतील तर पहिली तीस मिनिटं खेळाला द्या, ब्रीफ वाचून झाल्यावर बंद करून, एक पत्ता उचलून. मग दहा मिनिटं उठून बाहेर. मग दहा मिनिटं टिंबं, फुल्या, प्रश्नचिन्हं. उरलेला सगळा वेळ जिवंत तुकड्यांभोवती काम बांधायला, आणि शेवटची पंधरा मिनिटं रूप बदलून तपासायला. लोक उलटं करतात, घाई आहे म्हणून पहिली तीस मिनिटंच कापतात आणि मग अडीच तास एका निर्जीव गोष्टीला पॉलिश मारत बसतात. कापायचंच असेल तर पॉलिश कापा.